शहराच्या नावाचं डोमेन विकायचंय, किंमत कशी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागेच्या नावाची डोमेन (म्हणजे वेबसाइटचे पत्ते) घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे प्रश्न जवळपास तेच तेच असतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतोय. वाचताना एक गोष्ट धरून चाला, किंमत त्या जागेच्या प्रसिद्धीची नसते. ते नाव घेऊन ज्यांचं गिऱ्हाईक वाढणार आहे असे लोक किती आहेत आणि एक गिऱ्हाईक त्यांना किती मिळवून देतं, त्याची असते.

लोकेशन डोमेन म्हणजे नक्की कोणती?

ढोबळमानाने तीन प्रकार. एक म्हणजे नुसतं जागेचं नाव, देश राज्य शहर बेट काहीही, आणि पुढे डॉट कॉम. दुसरा म्हणजे जागा अधिक धंदा, शहराचं नाव आणि त्याला जोडून वकील, प्लंबर, डेंटिस्ट, हॉटेल्स, होम्स वगैरे. तिसरा म्हणजे एक्स्टेन्शनच, डॉटच्या पुढचा भागच, जागेचं असतं, डॉट लंडन, डॉट बर्लिन, डॉट टोकियो असं. तिघांची किंमत काढायची पद्धत वेगळी आहे, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण लोक पहिल्या प्रकारातल्या विक्रीचे आकडे वाचून दुसऱ्या प्रकारातल्या नावाची किंमत लावतात.

मोठ्या शहरांची नावं लाखो डॉलरला गेलीत की, मग माझं का नाही जाणार?

गेलीत, खरंय. कोरिया डॉट कॉम २००० साली ५० लाख डॉलरला गेलं, कॅलिफोर्निया डॉट कॉम २०१९ मधे ३० लाखाला. आयर्लंड डॉट कॉम एका वर्तमानपत्राकडे होतं ते २०१२ मधे तिथल्या पर्यटन संस्थेने ४ लाख ९५ हजार युरोला घेतलं. आणि लास व्हेगास डॉट कॉमचा आकडा तर सगळ्यांच्या तोंडी असतो, ९ कोटी डॉलर.

पण तो ९ कोटीचा व्यवहार नीट बघा. सौदा झाला २००५ मधे, आकडा लोकांना कळला २०१५ मधे कंपनीच्या सरकारी कागदपत्रांतून, आणि पैसे एकदम मोजलेलेच नाहीयेत, हप्त्याहप्त्याने थेट २०४० पर्यंत द्यायचे ठरले. घेणारी कंपनी आधीपासून त्याच शहराची हॉटेल्स आणि शोची तिकिटं विकत होती, म्हणजे त्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून कमाई कशी करायची हे तिला आधीच माहीत होतं. तुमच्या नावाला असा घेणारा आहे का, हा खरा प्रश्न. आणि पस्तीस वर्षांचे हप्ते म्हणजे आजचे ९ कोटी नव्हेत, आजच्या पैशात ते बरेच कमी होतात. हे दोन मुद्दे सोडून नुसता आकडा सांगणाऱ्या माणसावर फार विश्वास ठेवू नका.

लोकसंख्येवरून अंदाज बांधता येतो का?

सुरुवात म्हणून ठीक, पण तिथेच थांबू नका. अमेरिकेतल्या ॲस्पेन गावाची कायमची वस्ती दहा हजाराच्याही आत आहे, पण तिथे स्कीइंगला येणारे लोक आणि तिथल्या घरांच्या किमती बघितल्या तर नावाला मागणी का असेल ते लगेच कळतं. उलट काही शहरं लाखोंची असतात पण बाहेरून कोणी येत नाही, तिथले धंदे इंटरनेटवर जाहिरात करत नाहीत, मग नाव पडून राहतं. त्यामुळे मी आधी बघतो की बाहेरची माणसं तिथे पैसे खर्च करायला येतात का, तिथे घरं विकत घेणारे लोक बाहेरगावचे आहेत का आणि तिथले धंदेवाले आत्ता ऑनलाइन जाहिरातीला पैसे देतायत का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जो आज एका क्लिकला पैसे मोजतोय त्यालाच नावाची किंमत समजावून सांगता येते, बाकीच्यांना फोन करून आपलाच वेळ जातो.

शहर अधिक धंदा अशा नावाची किंमत कशी काढायची? स्टेप बाय स्टेप सांगा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या नावाचे घाला.

समजा दहा लाख वस्तीचं शहर आहे, गारपीट होणारा भाग आहे, आणि नाव आहे शहर अधिक रूफिंग, डॉट कॉम. आधी मॅपवर त्या शहरात छपराचं काम करणारे किती आहेत ते मोजा, समजा १२० निघाले. मग सर्चमधे तेच शब्द टाकून वर जाहिराती कोणाच्या दिसतात ते दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघा, समजा १५ जण. या १५ मधल्या ज्यांचं स्वतःचं डोमेन आधीच छोटं आणि चांगलं आहे ते वगळा, ज्यांचं लांबलचक, हायफनवालं किंवा आडनावाचं स्पेलिंग चुकेल असं आहे ते ठेवा. उरले आठ-नऊ. हे तुमचे खरे घेणारे, १२० नाही.

आता त्यांचा फायदा. एका छपराच्या कामातून खर्च जाऊन २,००० डॉलर सुटतात असं धरू. नाव चांगलं, लक्षात राहणारं, गाडीवर आणि बोर्डावर लिहिण्यासारखं आहे म्हणून वर्षाला दोन कामं जास्त आली तरी ४,००० डॉलर. एक वर्षाचा फायदा नावासाठी द्यायला धंदेवाला तयार होऊ शकतो, त्याहून जास्त मागितलं तर तो म्हणतो तेवढ्यात मी जाहिरात करीन, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणजे रिटेल किंमत, धंदेवाला थेट देईल ती, ४,००० च्या आसपास.

पण हे नाव विकलं जाईलच असं नाही ना. विकायला डोमेनचा साठा ठेवणारे साधारण वर्षाला शंभरात एक-दोन नावं विकली जातात असंच धरून चालतात. दोन धरा, पाच वर्षांत दहा टक्के शक्यता. ४,००० चे दहा टक्के ४००, त्यातून मार्केटप्लेसचं कमिशन २० टक्के गेलं की ३२०, आणि पाच वर्षांचं रिन्यूअल (नाव आपल्याकडे ठेवायची वार्षिक फी) १२ डॉलरने ६० वजा केलं की राहिले २६०. म्हणजे रिटेल ४,००० चं नाव दुसऱ्या डोमेनवाल्याकडून विकत घेताना २६० च्या वर गेलात तर तुम्ही तोट्यात आहात, आणि काही सुटायला हवं असेल तर त्याच्या निम्म्यात मिळवा. हा हिशोब करून बघितला की पहिल्यांदा सगळ्यांनाच धक्का बसतो, पण बाजार असाच चालतो.

आता याच शहराचं फुलवाल्याचं नाव घ्या. एका ऑर्डरमागे २० डॉलर सुटत असतील तर ४,००० वसूल व्हायला २०० जास्तीच्या ऑर्डर लागतात. शहर तेच, शोध कदाचित जास्तच, तरी नाव स्वस्त. म्हणून एका गिऱ्हाइकामागे किती सुटतं हे आधी विचारा, सर्चचा आकडा नंतर.

कोणते धंदे जास्त चालतात?

अपघाताचे आणि फौजदारी वकील, रूफिंग, पाण्याने खराब झालेली घरं नीट करणारे, डेंटल इम्प्लांट, व्यसनमुक्ती केंद्रं, घरांची खरेदी-विक्री, हीटिंग-कूलिंग. एका कामात बरेच पैसे आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा घाईत असतं, शोधतं आणि फोन लावतं. फोटोग्राफर, ब्लॉग, इव्हेंट्स, न्यूज अशी नावं ऐकायला छान वाटतात पण घेणाऱ्याच्या खिशात पैसे नसतात.

शब्दांचा क्रम, अनेकवचन, हायफन याने फरक पडतो का?

खूप पडतो. लोक बोलताना जसं म्हणतात तसंच नाव हवं, इंग्रजीत शहर आधी आणि धंदा नंतर हे नैसर्गिक वाटतं, उलटं केलं की किंमत एकदम खाली येते. वकिलांच्या बाबतीत अनेकवचन फर्मला शोभतं आणि एकवचन एकट्या वकिलाला, दोन्ही विकली जातात, पण तुमच्याकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरं असेल तर घेणारा त्याचा भाव तुमच्याविरुद्ध वापरणार. हायफन असेल तर मी जवळपास शून्य धरतो, जर्मनीसारख्या बाजारात मात्र हायफन चालतात, तिथे तोच नियम लावू नका.

ऑटोमॅटिक अप्रेजल टूल ३,२०० डॉलर दाखवतंय, तीच किंमत समजू का?

नाही. गोडॅडी किंवा एस्टीबॉटसारखी टूल्स जुन्या विक्री, शब्दांचे सर्च, लांबी, एक्स्टेन्शन असं सगळं बघून आकडा काढतात, आणि शंभर नावांच्या ढिगात कोणती आधी बघायची हे ठरवायला ती चांगली आहेत. पण जागेच्या नावात ती खास चुकतात, कारण त्या शहरात तो धंदा चालतो का, घेणारे किती, त्यांच्याकडे आधीच चांगलं नाव आहे का, हे टूलला दिसत नाही. समुद्र नसलेल्या शहराचं नाव आणि पुढे स्कुबा डायव्हिंग टाकून बघा, तरी काहीतरी आकडा येईल. घेणाऱ्याला टूलचा स्क्रीनशॉट पाठवून किंमत पटवायचा प्रयत्न तर करूच नका, त्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

जुन्या विक्रीशी तुलना कशी करायची?

नेमबायो नावाच्या साइटवर विक्रीचे रेकॉर्ड बघता येतात, तिथे तुमचाच धंद्याचा शब्द धरून शोधा आणि साधारण तेवढ्याच शहरांची नावं वेगळी काढा. मग तीन गोष्टी तपासा. विक्री लिलावात झाली की थेट धंदेवाल्याला, कारण लिलावातला आकडा म्हणजे होलसेल आणि धंदेवाल्याने दिलेला म्हणजे रिटेल, आणि दोघांत दहापट फरकसुद्धा असतो. दुसरं, तारीख, २००७ च्या विक्रीचा आज आधार घेण्यात अर्थ नाही. तिसरं, नुसतं नाव विकलं की चालू वेबसाइट आणि गिऱ्हाईकसुद्धा सोबत गेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की यादीत फक्त विकली गेलेली नावं असतात, तशीच हजारो नावं दहा वर्षं कोणी विचारली नाहीत आणि सोडून दिली, ती कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे पाच चांगल्या विक्री दिसल्या म्हणून तीच सरासरी धरायची नाही. मी मधला आकडा घेतो, सगळ्यात वरचा एक आणि सगळ्यात खालचा एक सोडून.

नावात शहर आणि धंदा असला की गूगलवर आपोआप वर येतं ना?

पूर्वी बराच फायदा व्हायचा. सप्टेंबर २०१२ मधे गूगलने एक अपडेट आणला, त्याने नाव जुळतंय पण साइटमधे दम नाही अशांना खाली ढकललं. आज नाव जुळल्याने माणसाचा विश्वास बसतो, जाहिरातीत क्लिक करावंसं वाटतं, फोनवर सांगायला सोपं पडतं, एवढं प्रामाणिकपणे सांगा. रँकिंगचं आश्वासन देऊन नाव विकू नका, दोन महिन्यांनी घेणारा तुम्हाला शोधत येईल.

डॉट कॉम नाही मिळालं, दुसरं एक्स्टेन्शन चालेल का?

देशावर अवलंबून आहे. जर्मनीत डॉट डीई, ब्रिटनमधे डॉट को डॉट यूके लोकांच्या अंगवळणी पडलंय, तिथल्या शहराच्या नावाला ते बऱ्याचदा डॉट कॉमइतकंच किंवा जास्त शोभतं. अमेरिकेतल्या शहरांना मात्र डॉट कॉमच, डॉट नेट किंवा डॉट ऑर्ग धरलं तर मी डॉट कॉमच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कधी लावत नाही, अपवाद म्हणजे शहराची माहिती देणारी सामाजिक संस्था असेल तर डॉट ऑर्ग.

२०१४ मधे डॉट बर्लिन, डॉट लंडन, डॉट एनवायसी, डॉट टोकियो वगैरे आले. त्यात नुसता धंद्याचा शब्द आणि पुढे शहर, हे दिसायला सुंदर दिसतं, पण रिसेलचा बाजार पातळ आहे. काही नावांना रजिस्ट्री, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणारी संस्था, दरवर्षी वाढीव प्रीमियम रिन्यूअल लावते, ते आधी तपासा. आणि डॉट एनवायसीला न्यूयॉर्क शहरात पत्ता असावा लागतो, म्हणजे तुम्ही बाहेरचे असाल तर घेताच येत नाही आणि विकताना घेणाराही तिथलाच लागतो.

एकाच नावाची दोन शहरं असतील तर फायदा की तोटा?

नुसत्या नावाला थोडा फायदा, घेणारे दोन ठिकाणचे मिळतात. पण धंद्याच्या नावाला तोटा. बर्मिंगहॅम इंग्लंडमधेही आहे आणि अलाबामातही, पोर्टलंड ओरेगनमधे आणि मेनमधे, जॉर्जिया तर देशही आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. सर्चचा आकडा टूलमधे दोघांचा मिळून दिसतो आणि तो बघून लोक जास्त पैसे मोजून बसतात. टूलमधे जागा निवडून आकडे वेगळे काढा. धंद्याचा शब्द कधीकधी वाद मिटवतो, सॉलिसिटर म्हटलं की इंग्लंड, अटर्नी म्हटलं की अमेरिका.

शहराचं नाव बदललं तर काय?

मग किंमतही बदलते, आणि कोणत्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही. कझाकस्तानची राजधानी अस्ताना २०१९ मधे नूर-सुलतान झाली आणि २०२२ मधे परत अस्ताना. नवं नाव आलं म्हणून धावतपळत भरपूर रजिस्ट्रेशन करणाऱ्यांच्या हातात तीन वर्षांनी काय उरलं याचा विचार करा. बदलाची नुसती चर्चा असताना एखाद-दुसरं नाव घ्या, ढीग नको. स्पेलिंगचंही तसंच, कीव्हची इंग्रजीत दोन स्पेलिंगं चालतात आणि वर्तमानपत्रं कोणतं छापतायत त्यावर शोध सरकतो.

सरकार किंवा नगरपालिका डोमेन काढून घेऊ शकते का?

या प्रश्नाला वेळ द्या, कारण किमतीतला सगळ्यात मोठा कट इथून येतो.

डोमेनच्या वादांसाठी यूडीआरपी नावाची पद्धत १९९९ पासून आहे, आणि तिच्यात तक्रार करणाऱ्याकडे ट्रेडमार्कचा हक्क असावा लागतो. नुसतं जागेचं नाव हा आपोआप ट्रेडमार्क होत नाही. न्यूझीलंड डॉट कॉमसाठी तिथल्या सरकारने तक्रार केली ती २००२ मधे फेटाळली गेली, वर तक्रारीचा गैरवापर केल्याचा ठपका बसला, आणि नंतर त्यांनी ते नाव पैसे मोजून घेतलं. बार्सिलोना डॉट कॉमचं उलटसुलट झालं, २००० मधे यूडीआरपीच्या पॅनेलने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला, मालक अमेरिकेतल्या कोर्टात गेला, खालच्या कोर्टात हरला आणि २००३ मधे अपील कोर्टात जिंकला, कारण अमेरिकन कायद्यात नुसत्या भौगोलिक नावाला तसं संरक्षण नाही.

मात्र फ्रान्स डॉट कॉम बघा. १९९४ पासून एका माणसाकडे होतं, त्याने त्यावर खरोखर पर्यटनाचा धंदा केला, तरी फ्रान्सच्या कोर्टाच्या आदेशानंतर २०१८ मधे ते फ्रेंच सरकारकडे गेलं. त्याने अमेरिकेत दावा लावला, पण २०२१ मधे अपील कोर्टाने परक्या सरकारवर हा दावा चालत नाही असं सांगितलं. चोवीस वर्षं सांभाळलेलं नाव एका पैशाशिवाय जातं हे वाचून आजही वाईट वाटतं.

म्हणून देशाच्या नावाला मी धोक्याची वजावट मोठी धरतो, शहराच्या नावाला मध्यम, आणि शहर अधिक प्लंबरला जवळपास नाही. विद्यापीठ, एअरपोर्ट, फुटबॉल क्लब, मेट्रो, एखादा ब्रँड यांचं नाव शहरासोबत आलं तर मात्र घेऊच नका, ते लोकेशन डोमेन राहत नाही, सरळ ट्रेडमार्कचं भांडण होतं.

नावावर लोक आपोआप येतायत, त्याचे पैसे मिळतात का?

मिळतात, पण आकडे खरे हवेत. लोक ब्राउझरमधे थेट नाव टाकून येतात तो ट्रॅफिक चांगला. पण बरेचदा तो जुन्या वेबसाइटच्या उरलेल्या लिंकवरून किंवा बॉट्सचा असतो आणि सहा महिन्यांत आटतो. वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं दाखवणारी साइट) आधी त्या पत्त्यावर काय होतं ते बघाच. जुगार, नकली औषधं असलं काही दिसलं तर किंमत कापा, कधी कधी ते नावच सोडा.

किंमत लिहून ठेवावी की ऑफर मागवावी?

धंदेवाल्या नावांवर किंमत लिहाच. छपरं घालणारा माणूस वाटाघाटी करत बसत नाही, आकडा दिसला आणि परवडला तर घेतो. ५,००० च्या आतल्या नावांना हप्त्यांची सोयही ठेवा, पूर्ण पैसे आल्याशिवाय नाव ट्रान्सफर होणार नाही अशी. मोठ्या नुसत्या शहराच्या नावावर मात्र आकडा लिहू नका, तिथे घेणारा कोण आहे यावर पाचपट फरक पडतो. पैसे नेहमी एस्क्रोमधून, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात.

ईमेल आला, चांगली ऑफर आहे पण आधी अप्रेजल सर्टिफिकेट मागतायत.

फसवणूक आहे. हा माणूस तुम्हाला एका ठरावीक साइटवरून पैसे भरून सर्टिफिकेट काढायला लावतो, ती साइट त्याचीच किंवा त्याच्या साथीदाराची असते, पैसे भरले की ऑफर गायब. खऱ्या घेणाऱ्याला सर्टिफिकेट लागत नाही. उत्तरही देऊ नका.

किती वर्षं वाट बघायची आणि कधी सोडायचं?

डॉट कॉमची रजिस्ट्रीची होलसेल फीच सप्टेंबर २०२४ मधे १०.२६ डॉलर झाली, रजिस्ट्रार (आपण ज्याच्याकडे नाव नोंदवतो तो) त्यावर स्वतःचं लावतो, आणि दोनशे नावं असतील तर तो खर्च दरवर्षी टोचतो. मी रिन्यूअलच्या महिनाभर आधी प्रत्येक नावाला वरचा हिशोब परत लावतो, विशेषतः जाहिरात करणारे धंदे त्या शहरात वाढलेत की कमी झालेत ते बघतो. तीन वर्षांत एकही चौकशी नाही आणि आठ-दहा खरे घेणारे मोजता येत नसतील तर सोडतो. सोडायच्या आधी त्या उरलेल्या घेणाऱ्यांना एक साधा ईमेल टाकतो, कमी किमतीत, दोन ओळींचा, त्यातही कधी कधी विक्री होते. आणि चुकून मुदत संपली तर घाबरू नका, डॉट कॉमला बरेच रजिस्ट्रार काही आठवडे, कधी महिना-दीड महिना नेहमीच्या फीमधे रिन्यू करू देतात, त्यापुढे ३० दिवस जादा दंड भरून परत घेता येतं, मग पाच दिवस नाव अडकून राहतं आणि नंतर कोणालाही मोकळं होतं. मात्र काही रजिस्ट्रार त्या पहिल्या मुदतीतच नाव लिलावात टाकतात, त्यामुळे तुमच्या रजिस्ट्रारच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.